प्रतिवादी क्रमांक एक : महाडच्या खटल्यातले बाबासाहेब

मार्च महिना लागला की कर्जत-खालापूरच्या वस्त्यांमध्ये महाडला जायची तयारी सुरू होते. कुणी टेम्पो ठरवतं, कुणी एसटीची चौकशी करतं, विहारात वर्गणीची वही फिरते. २० मार्चला चवदार तळ्यावर आपले हजारो लोक असतात. मागच्या वर्षी आमच्या अभ्यासवर्गात अकरावीतल्या एका मुलीने विचारलं, की तळ्याचा खटला आपण जिंकलो असं सगळे सांगतात, तर तो कोणत्या तारखेला जिंकलो? वर्गात पंचवीस-तीस जण होते. बहुतेकांना २० मार्च १९२७ पाठ होता, २५ डिसेंबर पाठ होता. निकालाची तारीख कुणालाच सांगता आली नाही. मलाही त्या क्षणी फक्त वर्ष आठवलं.

ती तारीख १७ मार्च १९३७. बाबासाहेबांच्या आयुष्यातली दहा वर्षं या खटल्याने व्यापली होती, आणि त्यात ते वकील तर होतेच, पण त्याआधी प्रतिवादी होते. दाव्यात पहिलं नाव त्यांचं होतं. आपण बाबासाहेबांना घटनाकार म्हणून ओळखतो, धम्मचक्र फिरवणारे म्हणून ओळखतो. कोर्टाचं समन्स आलेला माणूस म्हणून त्यांच्याकडे फारसं पाहत नाही. आजचा लेख त्या बाबासाहेबांवर आहे.

१४ एप्रिल १८९१ ला महूला जन्म, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, वडील सुभेदार रामजी, साताऱ्याची शाळा, मुंबईत एल्फिन्स्टन, हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. पाण्याचा अपमान त्यांनी लहानपणीच सोसला होता. शाळेत नळाला हात लावता येत नव्हता, शिपायाने नळ सोडला तरच पाणी. वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली ही भावंडं मसूर स्टेशनवर उतरली आणि जात कळताच गाडीवान मिळेना, रात्रभर पाणी मिळेना, हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पुढे तळ्यासाठी दहा वर्षं कोर्टात झगडणाऱ्या माणसाने तहान पुस्तकात वाचलेली नव्हती.

१९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. विद्यापीठाला लागूनच हार्लेम ही काळ्या लोकांची वस्ती वाढत होती. अमेरिकेतल्या वर्णभेदाचा कायदा तेव्हा ऐन जोरात होता. १८९६ मध्ये प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की गोऱ्यांना आणि काळ्यांना वेगवेगळे डबे दिले तरी समानतेचा भंग होत नाही. त्या एका निकालाच्या आधारावर दक्षिणेतल्या राज्यांनी शाळा, गाड्या, हॉटेलं, पाण्याचे नळ, सगळं वेगळं करून टाकलं. बाबासाहेबांनी पुढे लिखाणातून गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना केली, १९४६ मध्ये काळ्यांचे थोर अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्याशी पत्रव्यवहारही केला. ही तुलना पुढे लागणार आहे, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

लंडनला ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन ते १९२३ मध्ये मुंबईत परतले. सनद घ्यायला पैसे नव्हते, मित्र नवल भथेना यांनी ते दिले. जुलै १९२३ पासून हायकोर्टात वकिली सुरू झाली. सुरू झाली म्हणजे काय, तर अशिलांना वकिलापर्यंत आणणारे सॉलिसिटर या बॅरिस्टरकडे फिरकत नव्हते. मग खालच्या कोर्टातली कामं, मोफसलची कामं, गरिबांची कामं. पोटासाठी १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवायचे. परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी होती, तिथेच पक्षकार आणि कार्यकर्ते एकाच बाकावर बसत. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून पुण्यात ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे, जवळकर वगैरे मंडळींवर खटला झाला, त्यात बाबासाहेब त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि जिंकले. त्याने नाव झालं. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांचा लहानगा राजरत्न गेला. त्यानंतरच्या मार्चमध्ये महाड.

महाड का, हे आपल्या जिल्ह्यातल्या मुलांनी नीट समजून घ्यायला हवं. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड हे नाव १९८१ मधलं. परिषदेचं नाव होतं कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. म्हणजे कर्जत आणि खालापूरसुद्धा त्या नावात होते. महाडच्या परिसरात पलटणीतून परतलेल्या महार पेन्शनरांची मोठी वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रावढळहून पहिला आवाज उठवला होता. दासगावचे तरुण कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे यांनी परिषदेसाठी गावोगाव पायपीट केली. शिवाय महाड नगरपालिकेत सुरबानाना टिपणीस होते, आणि अनंतराव चित्रे होते. दोघेही जन्माने सवर्ण, दोघांनीही शेवटपर्यंत साथ दिली.

आणखी एक कारण होतं, ते कागदावरचं. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टं, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. सप्टेंबरमध्ये सरकारने त्याचा हुकूम काढला. ५ जानेवारी १९२४ ला महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. मग तीन वर्षं काय झालं? काहीच नाही. ठराव दप्तरात, तळं सवर्णांच्या ताब्यात. १९२६ मध्ये बोल्यांनी पुन्हा ठराव आणला, की ज्या नगरपालिका हे पाळणार नाहीत त्यांचं अनुदान सरकारने रोखावं. तरीही महाडचं पाणी हललं नाही.

त्यामुळे १९ आणि २० मार्च १९२७ ची परिषद आणि २० तारखेला तळ्यावर जाऊन पाणी पिणं, ही कायदा मोडण्याची कृती नव्हती. कायदा अमलात आणण्याची कृती होती. हा फरक मी अभ्यासवर्गात दर वेळी फळ्यावर लिहितो. बाबासाहेबांच्या हाती सरकारी हुकूम होता, नगरपालिकेचा ठराव होता, आणि मागे हजारो लोक होते. त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं. पुढचं माहीत आहे: वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवली गेली, परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालल्या, बाया-मुलांनाही सोडलं नाही. आपले लोक संख्येने जास्त होते, त्यांतले कित्येक जण लढाई पाहिलेले. बाबासाहेबांनी त्यांना उलट हात उचलू दिला नाही. नंतर फौजदारी खटला झाला आणि हल्लेखोरांपैकी पाच जणांना जूनमध्ये चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तळं मात्र पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून शुद्ध करून घेण्यात आलं.

आणि ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले ठरावाला त्याच दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. हा योगायोग असेल, पण मला तो कधी योगायोग वाटला नाही.

बाबासाहेबांनी डिसेंबरमध्ये सत्याग्रह जाहीर केला. इथे विरोधकांनी डोकं चालवलं. मार्चला लाठ्या चालवून पाहिल्या, तुरुंगवास पदरी पडला. आता ते कोर्टात गेले. १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या दुय्यम न्यायाधीशाच्या कोर्टात दिवाणी दावा क्रमांक ४०५ दाखल झाला. वादी महाडचे सवर्ण हिंदू, त्यांत नरहरी दामोदर वैद्य हे नाव पुढे हायकोर्टाच्या निकालावर राहिलं. प्रतिवादी पाच, पहिले डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. दावा प्रातिनिधिक होता, म्हणजे वादी सगळ्या सवर्णांच्या वतीने आणि प्रतिवादी सगळ्या अस्पृश्यांच्या वतीने. तुमचे-माझे आजे-पणजे, ज्यांना कोर्ट म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, ते सगळे त्या कागदावर एका ओळीत प्रतिवादी झाले होते. मागणी अशी, की तळं आमच्या मालकीचं आहे, त्याचा वापर फक्त आमचा आहे, या लोकांना कायमची मनाई करावी. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघालादेखील. सत्याग्रहाला दहा-बारा दिवस उरले होते.

बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या कठीण क्षणांमध्ये मी पुढचे तीन दिवस धरतो. २४ डिसेंबरला ‘पद्मावती’ बोटीने ते मुंबईहून निघाले, दासगाव बंदराला उतरले. परिषदेला जागा द्यायला हिंदूंपैकी कुणी तयार नव्हतं, मंडप फत्तेखान या मुसलमान गृहस्थांच्या जमिनीवर होता. २५ च्या रात्री मनुस्मृती जाळली, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी तो ठराव मांडला होता. हजारोंनी सत्याग्रहासाठी नावं नोंदवली होती, तुरुंगाची तयारी करून लोक आले होते. आणि समोर कोर्टाचा हुकूम. कलेक्टर स्वतः परिषदेत येऊन विनंती करून गेला, की हुकूम मोडू नका, कोर्टात लढा. तरुणांना ते पटत नव्हतं. पाणी प्यायचंच, काय व्हायचं ते होवो, अशी हवा होती.

बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. लोक मिरवणुकीने तळ्याला वळसा घालून शांतपणे परत आले. तळं डोळ्यांसमोर होतं आणि पाण्याला कुणी हात लावला नाही.

यावर आजही आपल्यात वाद होतो. आमच्या वर्गातही झाला. एका मुलाचं म्हणणं होतं, की तिथे कच खाल्ली. मला तसं वाटत नाही, पण तो प्रश्न उडवून लावण्यासारखाही नाही. मार्चमध्ये सरकार आपल्या बाजूला होतं, नाही म्हटलं तरी निदान तटस्थ होतं. डिसेंबरमध्ये हुकूम मोडला असता तर भांडण सवर्णांशी राहिलं नसतं, सरकारशी झालं असतं. वादींना तेच हवं होतं. आपले लोक तुरुंगात, आणि तळ्याचा प्रश्न बाजूला. शिवाय बाबासाहेबांना कागद दिसत होता. मनाई तात्पुरती होती आणि ती उठवता येईल असा त्यांचा कायद्याचा अंदाज होता. तो खरा ठरला. २३ फेब्रुवारी १९२८ ला महाडच्या त्याच कोर्टाने मनाई हुकूम उठवला.

मूळ दावा मात्र चालत राहिला. आता या दाव्यातलं मर्म पाहू, कारण इथे आपली गोष्ट अमेरिकेच्या गोष्टीपेक्षा वेगळी होते. अमेरिकेत काळ्यांना वेगळं काढणारा कायदा होता, लेखी, कलमांसह. तिथले वकील तो कायदाच रद्द करा म्हणून कोर्टात जात. आपल्याकडे इंग्रजांच्या कायद्यात महाराने तळ्यावर जाऊ नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. उलट बोले ठराव होता. म्हणून सवर्णांना कोर्टात वहिवाट घेऊन जावं लागलं. अनादिकाळापासून आम्हीच पाणी भरतो, हे कधीच भरत नव्हते, म्हणून तो आमचा हक्क झाला. जी गोष्ट लाठीने सांभाळली जात होती, तिला हक्काचा दर्जा द्या, अशी ही मागणी.

आणि ही मागणी हास्यास्पद नव्हती, हे लक्षात घ्या. इंग्रजी अमलातल्या कोर्टांनी अशा वहिवाटी मान्य केल्या होत्या. तमिळ प्रदेशातल्या कमुदीच्या देवळात नाडारांना प्रवेश नाही, हे १९०८ मध्ये थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने उचलून धरलं होतं. महाडचा दावा वादींनी जिंकला असता, तर गावोगावच्या प्रत्येक विहिरीवर, प्रत्येक पाणवठ्यावर तोच निकाल दाखवला गेला असता. पाटलाने, खोताने, सरपंचाने. कर्जतच्या गावातही. एका तळ्याचा हा दावा सगळ्या इलाख्याच्या पाण्याचा दावा होता.

खटला चालू होता तेव्हा बाबासाहेब काय काय करत होते याची मी एकदा वहीत जुळणी केली. महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला ८ जून १९३१ ला. त्या सुमारास दुसऱ्या गोलमेज परिषदेची तयारी चालू होती. महाडच्या न्यायाधीशाने म्हटलं होतं, की सवर्णांचा वापर बऱ्याच काळापासूनचा दिसतो खरा, पण सार्वजनिक तळं एका वर्गाने वापरलं आणि दुसऱ्याने वापरलं नाही, एवढ्याने पहिल्या वर्गाला कायदेशीर हक्क मिळत नाही. वादी अपिलात गेले. त्या काळी कुलाबा जिल्ह्याची अपिलं ठाण्याच्या न्यायालयात चालत, त्यामुळे दप्तर महाडहून ठाण्याला गेलं. मधल्या काळात नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता, १९३२ च्या सप्टेंबरमध्ये पुणे करार झाला. तिसरी गोलमेज आटोपल्यावर, ३० जानेवारी १९३३ ला ठाण्याने अपील फेटाळलं. वादी हायकोर्टात गेले. १९३४ मध्ये बाबासाहेब ‘समाजस्वास्थ्य’च्या र. धों. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले आणि तो खटला हरले. १९३५ मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. त्याच वर्षी मे महिन्यात रमाई गेल्या. ऑक्टोबरात येवल्याची घोषणा. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष. १९३७ च्या फेब्रुवारीत निवडणूक, बाबासाहेब मुंबईतून निवडून आले. आणि पुढच्याच महिन्यात निकाल. या दहा वर्षांत जगभर माणूस बदलला, बायको गेली, धर्म सोडायचं ठरलं, आणि एका तळ्याचा दावा एका कोर्टातून दुसऱ्यात सरकत राहिला.

हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांच्यापुढे दुसरं अपील आलं. हे ब्रूमफिल्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश. तोपर्यंत तळ्याच्या मालकीचा मुद्दा वादींनी सोडून दिला होता, कारण तळं सरकारचं होतं आणि नगरपालिका कायद्याने नगरपालिकेकडे आलं होतं. उरली वहिवाट. हायकोर्टाने काय पाहिलं? तळं चार-पाच एकरांचं, जवळजवळ एक छोटा जलाशयच. पाणी पावसाचं आणि थोडं झऱ्यांचं. भोवती रस्ते, रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरं. मुसलमानही तिथलं पाणी वापरत. म्हाताऱ्या साक्षीदारांनी आपल्या आठवणीतलं सांगितलं होतं, पण माणसाची आठवण अनादिकाळापर्यंत पोचत नाही. नगरपालिका होण्यापूर्वी, तळ्याभोवती सवर्णांची घरं उभी राहण्यापूर्वी, एवढ्या मोठ्या उघड्या पाण्यापासून कुणाला कुणी अडवलं असेल, असं मानायला आधार नव्हता. देवळाची गोष्ट वेगळी असू शकते, तिथे धर्मशास्त्राचे शुद्धी-अशुद्धीचे नियम पुढे करता येतात. तळ्याला ते लागू होतात असं वादींना दाखवता आलं नाही. अनादि वहिवाट सिद्ध झाली नाही. अपील खर्चासह फेटाळलं.

आता थोडं थांबून वाचा, कारण भाषणांमध्ये हे कुणी सांगत नाही. हायकोर्टाने अस्पृश्यता चुकीची आहे असं म्हटलं नाही. पाण्यावर सगळ्यांचा समान हक्क आहे असंही म्हटलं नाही. वहिवाट सिद्ध झाली असती, तर ती अवाजवी आहे का, सार्वजनिक हिताच्या विरुद्ध आहे का, याचा विचार करावा लागला असता. पण ती सिद्धच झाली नाही, म्हणून त्या प्रश्नांत न्यायालय शिरलं नाही, आणि तसं स्पष्ट लिहून ठेवलं. म्हणजे आपण जिंकलो ते समोरच्याचा पुरावा तोकडा पडला म्हणून.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. एवढी दहा वर्षं, आणि शेवटी पुराव्याचा मुद्दा? नंतर वस्त्यांमध्ये काम करताना मत बदललं. खालापूर तालुक्यातल्या एका गावात बौद्ध वस्तीकडे नळाची शाखा येऊ दिली जात नव्हती. खोपोलीला १९१५ पासून घाटावरचं पाणी विजेची चाकं फिरवून पाताळगंगेत उतरतं, त्या पाण्यावर कारखाने उभे राहिले, आणि त्याच खोऱ्यातली ही वस्ती उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरते. बैठकीत गावकऱ्यांचं उत्तर एकच: पहिल्यापासून असंच आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या दाव्यातलं वाक्य जणू! भांडून उपयोग झाला नाही. मग आम्ही विचारायला लागलो, की पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? विहीर कोणत्या साली, कोणत्या योजनेतून, कुणाच्या जमिनीवर? जुना ठराव कुठे आहे? संबंधित कचेरीने रजिस्टर सापडत नाही असं सांगितलं, चार खेटे घातले तेव्हा अर्धं सापडलं. काम अजून पूर्ण झालेलं नाही. पण बैठकीतला सूर बदलला, कारण सिद्ध करायची पाळी त्यांच्यावर आली. महाडच्या खटल्यात बाबासाहेबांच्या बाजूने हेच झालं होतं. वापर आमचाच, हे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावं. समानता हा मूळ नियम आणि बंदी हा अपवाद, हे न्यायालयाने शब्दांत म्हटलं नाही, पण पुराव्याचं ओझं ज्याच्या खांद्यावर टाकलं त्यावरून तेच घडलं.

बाबासाहेब त्या निकालावर समाधानी राहिले नाहीत, हे पुढच्या घटनांवरून दिसतं. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचं बिल कायदेमंडळात आणलं. खोती रत्नागिरी, कुलाबा आणि ठाण्याच्या काही भागात होती. पाण्याच्या मागे जमीन असते, हे त्यांना कळलेलं होतं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला, त्यात कुणबी, महार सगळे होते. खोती त्या वेळी गेली नाही, स्वातंत्र्यानंतर गेली.

अमेरिकेतही नेमक्या याच काळात खालून वर जाणारी लढाई सुरू झाली होती. जानेवारी १९३६ मध्ये मेरीलँड राज्याच्या वरच्या न्यायालयाने डोनाल्ड मरे या काळ्या विद्यार्थ्याला राज्याच्या लॉ स्कूलमध्ये प्रवेश द्यायला लावला. त्याचे वकील चार्ल्स ह्यूस्टन आणि थर्गुड मार्शल. त्यांनीही वर्णभेद चूक की बरोबर हा प्रश्न एकदम विचारला नाही. काळ्यांसाठी राज्यात दुसरं लॉ स्कूलच नाही, मग समान सोय कुठे आहे, एवढंच विचारलं. अशा छोट्या छोट्या निकालांची पायरी करत ते १७ मे १९५४ ला ब्राउन खटल्यापर्यंत पोचले, आणि शाळांमधल्या वेगळेपणाला सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं. मार्शल आणि बाबासाहेब एकमेकांना ओळखत होते असं म्हणायला मला आधार सापडलेला नाही. पण दोघांनी प्रतिपक्षाच्याच मुद्द्यावर त्याला गाठलं.

बाबासाहेबांना मात्र एक संधी मिळाली जी मार्शलना मिळाली नाही. ज्या प्रश्नात हायकोर्ट शिरलं नव्हतं, त्याचं उत्तर लिहिण्याची. २६ जानेवारी १९५० ला लागू झालेल्या संविधानाचं कलम १५ उघडा आणि दुसरा भाग वाचा. दुकानं, सार्वजनिक उपहारगृहं, आणि मग विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते. सरकारी पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखलेले किंवा सामान्य जनतेच्या वापरासाठी दिलेले. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणावरून कुणावरही बंदी नाही. बोले ठरावातली भाषा त्यात ऐकू येते. तळी हा शब्द तिथे आहे. मसुद्यावर चर्चा चालू असताना दुकान या शब्दाचा अर्थ काय असं विचारलं गेलं, तेव्हा बाबासाहेबांनी तो व्यापक अर्थाने वापरला असल्याचं सांगितलं, म्हणजे न्हाव्याचं दुकान, धोब्याचं दुकानही त्यात येतं. गावात केस कापून घेण्यासाठी दहा मैल चालत गेलेल्या माणसांना हा खुलासा किती मोठा आहे ते कळेल. कलम १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली. त्यानंतर कुणालाही वहिवाट अनादि आहे असं कोर्टात म्हणून उपयोग उरला नाही. कितीही जुनी असली तरी.

१९५५ मध्ये अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा आला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा, ६ डिसेंबरला परिनिर्वाण.

आमच्या अभ्यासवर्गाने यंदा १७ मार्च पाळायचं ठरवलं आहे. विहारात सकाळी वंदना झाली की हायकोर्टाचा निकाल मराठीतून वाचायचा. तो फार मोठा नाही, काही पानांचाच आहे. बॉम्बे लॉ रिपोर्टरच्या ३९व्या खंडात आहे आणि महाराष्ट्र शासनाने छापलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी साहित्याच्या १७व्या खंडाच्या पहिल्या भागात महाडच्या प्रकरणाचे कागद वाचायला मिळतात. मराठी करायचं काम त्या अकरावीतल्या मुलीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी घेतलं आहे. वहिवाट, हुकूमनामा, तहकूब हे शब्द त्या आजीला विचारून घेतात, कारण आजीच्या घरी जमिनीचा दावा चालू आहे आणि तिला ते सगळे पाठ आहेत. मग तीन दिवसांनी टेम्पो महाडला निघेल.